खुडणारीचा घास

पद्मजाने रानातून आलेली चरोट्याची जुडी ओल्या कचऱ्याच्या बादलीत तळाशी दाबली, वर बटाट्याची सालं पसरली, त्यावर चहाचा चोथा उपडा केला आणि झाकण लावून कानोसा घेतला. बाहेरच्या नळावर सासूबाई पाय धूत होत्या. पाण्याचा आवाज थांबायच्या आत फ्रिजमधला पालक चाळणीत यायला हवा होता, आणि तो आला. घमापुरच्या बाजारातून तिने कालच आणून, निवडून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. त्यात मूठभर मेथी, कारण चरोटा जरा कडवट लागतो. खोटं करायचंच तर नीट करावं, असं तिचं मत होतं. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, इतकंच.

"धुतली का भाजी?" अंजनीबाईंनी दारातूनच विचारलं.

"धुऊन राहिली ना, आई."

"दोन पानी अजून दे. माती राहते त्याले."

"हो."

पद्मजाने स्वच्छ पालकाला आणखी दोनदा पाणी दिलं. सासूबाई पदराने हात पुसत तिथेच उभ्या होत्या आणि चाळणीकडे बघत होत्या. त्यांची नजर आता अधू झाली आहे, याची पद्मजाने स्वतःला आठवण करून दिली. तरी चाळणीवर तिने हात आडवा धरला.

खमरियाच्या फॅक्टरी इस्टेटीतलं हे क्वार्टर शेवटच्या ओळीतलं. मागे तारेचं कुंपण, पुढे पळसाची झाडं आणि नाल्याकडे उतरत गेलेली मोकळी जमीन. पावसाळ्यात तिथे गुडघाभर रान माजायचं. इस्टेटीतल्या बाकीच्यांना त्यात साप दिसत; अंजनीबाईंना भाजी दिसे. सत्तरी उलटून गेली तरी पाऊस जरा उघडला की रेक्झिनची जुनी थैली घेऊन त्या कुंपणाच्या फटीतून पलीकडे जात, आणि थैली भरून, लुगड्याचा काठ ओला करून परत येत.

त्या मूळच्या कुंडमकडच्या, गोंड. फॅक्टरीत फिटर म्हणून लागलेल्या वर्ध्याच्या अंबादासांशी त्यांनी लग्न केलं तेव्हा सासरच्यांनी तोंड फिरवलं होतं. त्यांच्या हातची पुरणपोळी खाल्ल्यावर ते हळूहळू वळलं. मराठी त्या सासरी शिकल्या, भाजी मात्र माहेरची ठेवली. वर्ध्याचे लोक ज्याला तरोटा म्हणतात त्याला त्या आजही चरोटाच म्हणत. अंबादास गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. पद्मजा नागपूरच्या महाल भागातली. तिला मेथी आणि पालक यांतला फरक कळे, त्यापुढे सगळं हिरवं सारखंच.

गेल्या दिवाळीपासून अंजनीबाईंचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग नावं. दुधाची पिशवी चपलांच्या रॅकमध्ये सापडली. नातीला, रुचिराला, त्या नुसतं 'पोरी' म्हणू लागल्या, आणि म्हणताना नाव शोधत असल्यासारख्या क्षणभर थांबू लागल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढत जाईल एवढं सांगितलं. पावसाळा तोंडावर आला तेव्हा आल्हादने, पद्मजाच्या नवऱ्याने, फोनवर एक बातमी वाचून दाखवली. कुठल्याशा गावात रानातली भाजी खाऊन एक अख्खं कुटुंब दवाखान्यात पडलं होतं.

"आईच्या हातचं आता नको," तो म्हणाला. "रुचिरा आहे घरात."

"मग त्यांना काय सांगू? जाऊ नका म्हणून?"

"नाही, नाही. जाऊ दे तिला. तिचा जीव रमते. आणू दे. तू फक्त बघ जरा."

बघ जरा. नवरे असं अर्धं वाक्य बायकोच्या ओंजळीत टाकतात आणि हात धुऊन जेवायला बसतात. उरलेलं अर्धं पद्मजाने स्वतः पुरं केलं. आषाढ लागल्यापासून अंजनीबाईंनी आणलेली प्रत्येक जुडी त्या बादलीत गेली होती, आणि प्रत्येक वेळी पद्मजाने थैली हातात घेताना म्हटलं होतं, "किती कोवळी मिळाली, आई." आल्हादने त्यानंतर एकदाही विचारलं नव्हतं की त्या जुड्यांचं होतं काय.

आजही हरभऱ्याची डाळ आणि लसूण घालून पालक शिजला. अंजनीबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसल्या आणि वाटी पुढे केली. हे अलीकडचं होतं; गेल्या वर्षीपर्यंत रानभाजी त्या स्वतःच शिजवत आणि मग सगळ्यांना जेवायला बोलवत. टेबलावर पानं वाढायच्या आधी, कुणी हात धुवायच्याही आधी, त्यांना भाजी हवी असे. पहिला घास घेऊन त्या समोरच्या भिंतीकडे बघत बराच वेळ चावत राहत. मग म्हणत, "चला. खा रे सगळे."

त्या दिवशीही तसंच झालं. रुचिराने पोळीचा तुकडा भाजीला लावला, तोंडात घातला आणि कपाळाला आठी घातली.

"मम्मी, ये तो..."

पद्मजाने तिच्याकडे पाहिलं.

"...ये तो मस्त बना है," रुचिराने वाक्य वळवलं.

पोरगी हुशार होती. मराठी तिला समजे, बोलताना मात्र जीभ हिंदीकडे घसरे. खोटं दोन्ही भाषांत बिनचूक जमायला लागलं होतं. त्यासाठी वेगळी शिकवणी लावावी लागली नव्हती. घरचीच होती.

श्रावणातल्या एका शुक्रवारी पद्मजाची शकुमावशी शहरातल्या सदर भागातून जेवायला आली होती. देवासमोर पाट मांडला होता, नैवेद्याचं ताट भरायचं होतं, आणि अंजनीबाई वाटी घेऊन उंबऱ्याशी बसल्या. त्या दिवशी पद्मजाचा पारा चढला. सकाळपासून तिने चोरून पालक निवडला होता, मावशीसमोर बिंग फुटू नये म्हणून कचऱ्याची बादली मागे नेऊन ठेवली होती, आणि वर ही घाई.

"आई, नैवेद्य तर दाखवू द्या. जेवण काही पळून नाही चाललं."

शकुमावशी हसली. "असू दे गं. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण."

अंजनीबाईंचा हात घासासकट मध्येच थांबला. त्यांनी देवाकडे पाहिलं, मग पद्मजाकडे.

"हो बाई," त्या म्हणाल्या. आणि घास तोंडात घातलाच. नेहमीसारखं भिंतीकडे बघत सावकाश चावला, गिळला. मग म्हणाल्या, "दाखव आता."

संध्याकाळी आल्हाद ड्युटीवरून आला तेव्हा पद्मजाने त्याला सांगितलं, "आईंची हाव वाढून राहिली आहे. मावशीसमोर माझी मान खाली गेली." आल्हादने मान हलवली. डॉक्टरांनी असंही होतं म्हणून सांगितलं होतं, तो म्हणाला. दोघांचं समाधान झालं.

राखीची गर्दी टाळून मोहनमामा आधीच आला. हा अंजनीबाईंचा धाकटा भाऊ. कुंडमच्या पलीकडे गावी थोडी शेती करायचा. धोतरावर पांढरा शर्ट, हातात शेतातल्या कुटकीच्या धान्याची पिशवी, आणि बहिणीच्या पायांना हात लावताना डोळ्यांत पाणी. अंजनीबाईंनी त्याला ओळखलं, नावाने हाक मारली आणि राखी बांधली. पद्मजाला मनातून हायसं वाटलं. आल्हाद फॅक्टरीत, रुचिरा शाळेत, घरात तिघंच. सकाळी नेहमीप्रमाणे थैली भरून आली होती, नेहमीप्रमाणे बादलीत गेली होती, आणि पद्मजा पुऱ्या तळत होती.

अंजनीबाई उंबऱ्याशी पाटावर बसल्या आणि त्यांनी वाटी पुढे केली.

पाहुण्यासमोर पुन्हा तेच. पद्मजाने भाजी वाढली आणि मोहनमामाकडे वळून ओशाळं हसली.

"मामाजी, बुरा मत मानिए. आईंना आजकाल भान नहीं रहता. सबसे पहले खाने बैठ जाती हैं."

मोहनमामाच्या पुढ्यात ताट वाढलेलं होतं, पण त्याने हात लावला नव्हता. हात गुडघ्यांवर ठेवून तो बहिणीच्या तोंडाकडे बघत होता. पद्मजाचं बोलणं ऐकून त्याने मान वळवली. त्याला काही समजलंच नव्हतं असं दिसत होतं.

"काहे की माफी, बहू?" तो म्हणाला. "भाजी जीजी लाई है न?"

"हाँ."

"तो जीजीई पहले खाएगी. जो जंगल से तोड़ के लाए, वोई पहले खाए. धोखा किसी से भी हो जाता है. धोखा हो, तो तोड़ने वाली को हो. बच्चन को न हो." मग जरा थांबून, एखादी साधी गोष्ट पोराला सांगावी तसं म्हणाला, "हमारी अम्मा भी ऐसई करत थी."

कढईतली पुरी फुगून लाल होऊ लागली. पद्मजाने गॅस बारीक केला. मग काहीच कारण नसताना पुन्हा मोठा केला.

"चल, मोहन. खा," अंजनीबाई म्हणाल्या.

मोहनमामाने पुरीत भाजी घेऊन घास केला. चावता चावता तो थबकला आणि त्याने बहिणीकडे पाहिलं. अंजनीबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"खा ना," त्या खिडकीकडेच बघत म्हणाल्या.

"खा रहा हूँ, जीजी."

त्याने ताट स्वच्छ केलं. निघताना पद्मजा त्याला इस्टेटीच्या गेटपर्यंत सोडायला गेली. वाटेत दोनदा तिच्या ओठांवर आलं होतं, मामाजी, मी एक चूक करून राहिली. दोन्ही वेळा समोरून कुणीतरी स्कूटरवर आलं, आणि तिला ते बरंच वाटलं. गेटपाशी रस्त्याकडेला चरोट्याची झुडपं होती, त्यांवर पिवळी फुलं दिसायला लागली होती.

"अब गया समझो चरोटा," मोहनमामा म्हणाला. "फूल पकड़ लिया तो कड़वा हो जाता है. फिर अगले साल."

पुढच्या वर्षी. त्याने ते सहज म्हटलं. पुढच्या वर्षी अंजनीबाईंना कुंपणातली फट सापडेल का, हे कुणी सांगू शकत नव्हतं.

पद्मजा घरी आली तेव्हा सासूबाई पाटावरच डुलक्या घेत होत्या. त्यांच्या मांडीवर रिकामी वाटी होती. पद्मजाने ती उचलली आणि ओट्याशी उभी राहून घासत राहिली. ती घासून केव्हाच झाली होती. हाव, असा शब्द तिने वापरला होता. नवऱ्याला सांगितला होता. मावशीसमोर त्या बाईला देवाधर्माची शिकवण दिली होती. आणि ती बाई रोज सगळ्यांच्या आधी बसून, आपल्या डोक्याचा भरवसा राहिलेला नाही हे ठाऊक असताना, घरावरची बला आधी स्वतःच्या पोटात घालून बघत होती. बघत होती काय, तर घमापुरचा पालक. खाई त्याला खवखवे म्हणतात. पद्मजाने तर काही खाल्लंही नव्हतं, फेकलंच होतं. तरी खवखव तिच्याच वाट्याला आली. तिला लाज वाटत होती, आणि ती कुठे ठेवावी हे समजत नव्हतं.

संध्याकाळी आल्हाद पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होता. पद्मजाने त्याला मोहनमामाचं बोलणं सांगितलं. त्याचा ब्रश थांबला.

"आई आधी खायचीच," तो म्हणाला. "आम्ही लहान होतो तेव्हाही. पावसाळ्यात. अन् आम्हाला म्हणायची, जा, खेळून या. बाहेरच्या ओट्याची सावली नळापर्यंत गेली की या. आम्ही बाहेर बसून भाजीचा वास घेत राहायचो. मला वाटायचं, भाकरी व्हायची असेल."

"तुला कधी सांगितलं नाही त्यांनी?"

"काय सांगणार? विष आहे का बघून राहिली, थांबा?" त्याने बूट उलटा करून टाच पाहिली. बराच वेळ पाहिली. मग ब्रश पुन्हा सुरू केला. "तरी रिस्क नको घेऊ, पद्मजा. तिचं डोकं पहिल्यासारखं नाही."

"रिस्क त्या घेऊन राहिल्या ना."

"पालक खाऊन कसली रिस्क."

हे त्याने हसवायला म्हटलं होतं. हसलं कुणीच नाही, तोही नाही.

रविवारी पहाटेपासून झड होती, नऊच्या सुमाराला उघडली आणि ऊन पडलं. अंजनीबाईंनी थैली घेतली. पद्मजा आल्हादचे जुने गमबूट घालून दारात उभी होती.

"मीपण येते, आई."

"काहून?"

"असंच."

"साप राहते तिकडं."

"तुम्ही आहात ना."

अंजनीबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, गमबुटांवर नजर जरा जास्त वेळ ठेवली, आणि फटीतून पलीकडे गेल्या.

उतारावर त्या झपझप चालू लागल्या. घरात न्हाणीघराचं दार चुकणारी बाई इथे खड्डेही न बघता चुकवत होती. पिवळी फुलं धरलेली झुडपं त्यांनी सोडून दिली आणि पळसाच्या सावलीत, जिथे ऊन कमी होतं, तिथल्या बुटक्या रोपांपाशी बसल्या. तिथे शेंडे अजून कोवळे होते.

"हे पाह्य," त्यांनी एक डहाळी पद्मजाच्या हातावर ठेवली. "तीन जोड्या पानं. टोक गोल. हा चरोटा. टोक निमुळतं असलं, जोड्या जास्त असल्या, तर कासुंदा. तो नाही घ्यायचा. पोरायले लय वाईट."

पद्मजा बसली. एक शेंडा खुडला, सासूबाईंना दाखवला. त्यांनी मान हलवली. दुसरा दाखवला, तिसरा दाखवला. त्यानंतर अंजनीबाई वैतागल्या.

"प्रत्येक पान काय दाखवून राहिली? डोळे नाहीत का तुले?"

दोघी खुडत राहिल्या. फॅक्टरीची रविवारची शांतता होती. लांब कुठेतरी मोर ओरडत होते. पद्मजाची बोटं हिरवी झाली, नखांत चीक बसला. नाल्याजवळ अंजनीबाईंनी एक वेगळीच भाजी मुळाशी धरली आणि थांबल्या. पान उलटं केलं, चुरगाळून वास घेतला, पुन्हा सुलटं केलं. त्यांच्या चेहऱ्यावर तीच धडपड आली, रुचिराचं नाव शोधतानाची.

"हे काय होय?" त्यांनी विचारलं.

"मला नाही माहीत, आई."

"मले माहीत होतं." त्यांनी आणखी थोडा वेळ ते पान हातात धरलं. मग खाली टाकलं आणि हात लुगड्याला पुसला. "याद नाही आली का, सोडून द्यायचं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या झुडपाकडे वळल्या.

पद्मजा मागे उभी राहिली. या बाईला काय विसरलं आहे आणि काय नाही, याचा विचार आपण सगळ्यांनी तिला न विचारता करून टाकला होता, हे तिला तिथे चिखलात उभं राहून पहिल्यांदा कळलं. ती त्यांच्या मागून चालू लागली.

घरी आल्यावर तिने भाजी टेबलावर पसरली आणि एकेक डहाळी पाहिली. गोल टोक, तीन जोड्या. दोनदा पाहिलं. बादलीकडे तिने पाहिलं नाही. डाळ, लसूण, सुकी लाल मिरची. कढईतून जो वास आला तो या घरात यंदा पावसाळाभर आलाच नव्हता. आल्हाद पेपर हातात धरून स्वयंपाकघरात आला.

"हे ते आहे?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"हो."

"पद्मजा."

"तुम्हा दोघांसाठी वरण केलं आहे. तुम्ही वरण-पोळी खा."

तो काही बोलणार होता, तोच अंजनीबाई आत आल्या आणि पाट टाकून बसल्या. वाटी पुढे आली. पद्मजाने भाजी वाढली. या वेळी तिने नेहमीपेक्षा कमी वाढली, आणि पालक वाढताना तिचा हात असा कधी आखडला नव्हता, हेही तिच्या ध्यानात आलं.

अंजनीबाईंनी घास घेतला. भिंतीकडे बघत चावला. चावता चावता त्यांचं तोंड क्षणभर थांबलं, मग पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा सावकाश. त्यांनी गिळलं.

सगळे वाट बघत होते. चला, खा रे सगळे, असं त्या आता म्हणणार होत्या. त्यांनी वाटी मांडीवर ठेवली आणि भिंतीकडेच बघत राहिल्या. रुचिराला भूक लागली होती. तिने टेबलावरून उठून कढईत चमचा घालायला हात लांब केला.

"थांब," अंजनीबाई म्हणाल्या. "आज थांबा."

"पर आजी, रोज तो आप बोलती हो, खा लो."

"रोज पालक राहते," अंजनीबाई म्हणाल्या. "पालकाले काय थांबायचं."

रुचिराने आईकडे पाहिलं. आल्हादने हातातला पेपर टेबलावर ठेवला आणि तो सरळ करत राहिला. पद्मजाच्या हातात पळी होती, ती तिने कढईत ठेवली, आणि पळी कढईला लागून वाजली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"चरोट्याले मेथीचा वास कुठून येईल?"

"कधीपासून?"

यावर अंजनीबाईंनी खांदे उडवले. कधीपासून वगैरे आता त्यांच्या हिशेबात राहिलं नव्हतं.

"मग बोलल्या काहून नाही, आई?" पद्मजाचा आवाज फुटला. "मी इतके दिवस... मी तुमच्यासमोर कोवळी मिळाली, कोवळी मिळाली करून राहिली होती. मावशीसमोर मी तुम्हाला..."

"तिले खावं लागते ना," अंजनीबाईंनी हनुवटीने रुचिराकडे दाखवलं. नाव या वेळीही आलं नाही. "बरं केलं तू. माझा मले भरवसा कुठं होता." आणि दुसरा घास घेतला.

यापेक्षा त्यांनी रागावलेलं बरं होतं. पद्मजाने भिंतीशी उभा ठेवलेला दुसरा पाट घेतला, तो सासूबाईंच्या शेजारी टाकला आणि बसली. मग त्यांच्याच वाटीत हात घातला. अंजनीबाईंनी तिचं मनगट धरलं. म्हाताऱ्या हातात अजून चांगला जोर होता.

"तू नाही."

"अर्धी मी तोडली आहे, आई."

अंजनीबाईंनी तिचा हात उलटा करून बोटं पाहिली. नखांतला हिरवा चीक साबणाने निघाला नव्हता. त्यांनी एकेक बोट पाहिलं, मघाशी त्या पानाकडे पाहिलं होतं तितकाच वेळ घेऊन, आणि मनगट सोडलं.

"मग खा," त्या म्हणाल्या. "अन् बस इथंच."

पद्मजाने घास घेतला. कडवट होता, मेथीचा कडवटपणा याच्या जवळपासही नव्हता. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिने पुसलं नाही; हात भाजीने भरलेला होता.

आल्हाद अजून टेबलाशी उभा होता, काय करावं न कळून. अंजनीबाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या पिकलेल्या कल्ल्यांकडे, चष्म्याकडे.

"जा रे," त्या म्हणाल्या. "खेळून या."

तो आधी हसला, मग त्याला हसता येईना. त्याने रुचिराच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला घेऊन बाहेर गेला. दारातून दोघं पायरीवर जाऊन बसलेली दिसत होती, दोघांची पाठ घराकडे. ऊन कलायला लागलं होतं. ओट्याची सावली नुकती पायरीखाली उतरली होती, नळ अजून लांब होता.